सेकंडरी प्रोसेस बंद केली की प्रायमरी का कोसळते?

तुम्ही विचारलंय की डीपीडीकेवर (कर्नलला वळसा घालून पॅकेट थेट प्रोग्रामात आणणाऱ्या लायब्ररींचा संच) नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहिलाय, पोर्ट चालवणाऱ्या मुख्य म्हणजे प्रायमरी प्रोसेसला आकडे बघायला एक सेकंडरी प्रोसेस जोडता, आणि ती बंद केली की थोड्या वेळाने प्रायमरी सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याची एरर) देऊन पडते. मग दोघींची शेअर्ड मेमरी फ्री करायची कोणी?

प्रायमरीने. सेकंडरीने तिला हातही लावायचा नाही.

आधी एक करून बघा. सेकंडरीला कंट्रोल-सी देण्याऐवजी थेट किल मायनस नाइन (प्रोसेस जागच्या जागी मारणारी कमांड) मारा. एरवी हे करू नये, पण टेस्ट मशीनवर चालेल. प्रायमरी टिकली तर संशय तुमच्या क्लोज फंक्शनवर (ड्रायव्हरमधलं पोर्ट बंद करणारं फंक्शन), कारण किल मायनस नाइनमध्ये साफसफाईचा कोड चालतच नाही. मला हे अंधेरीच्या ऑफिसात रात्री अकराला उमगलं. त्याआधी दोन दिवस बॅकट्रेसमध्ये (कोसळताना कोणतं फंक्शन चालू होतं त्याची यादी) दिसणाऱ्या एका बिचाऱ्या फंक्शनला मी धुऊन काढत होतो. प्रायमरी पडते ती मेमरी फ्री होताक्षणी नव्हे, तर त्या मेमरीला पुन्हा हात लावेल तेव्हा. म्हणून बॅकट्रेस भलतीकडे बोट दाखवतो.

प्रत्येक पोर्टचे दोन भाग असतात. डिव्हाइसचं मुख्य स्ट्रक्चर ज्याच्या त्याच्या प्रोसेसमध्ये असतं. फंक्शन पॉइंटर तिथेच राहतात, कारण फंक्शनचे पत्ते दोन्हीकडे सारखे असतील याची खात्री नसते. त्यातला डेटा पॉइंटर मात्र शेअर्ड मेमरीकडे बोट दाखवतो, आणि क्यू (पॅकेटांच्या रांगा), मॅक पत्त्यांचा तक्ता, ड्रायव्हरचा प्रायव्हेट डेटा हे सगळं तिथे असतं. नावात प्रायव्हेट असलं तरी हा डेटा सामायिक आहे, इथेच बरेच जण फसतात. खरा खासगी तो प्रोसेस प्रायव्हेट, म्हणजे प्रत्येक प्रोसेसचा स्वतःचा डेटा. म्हणून क्लोजमध्ये पहिल्याच ओळीत प्रोसेसचा प्रकार तपासा. सेकंडरी असेल तर प्रोसेस प्रायव्हेटमधलं आपलं तेवढं आवरा आणि परत फिरा. चाळीतली खोली सोडताना आपण आपलं सामान नेतो, सामायिक नळ उखडून नेत नाही.

उलट बाजूही आहे. प्रायमरी बंद होताना सेकंडरी पॅकेट वाचत बसली असेल तर? डीपीडीकेच्या मल्टी-प्रोसेस मेसेजने तिला आधी थांबायला सांगा, उत्तर येईपर्यंत थांबा, मगच फ्री करा. फ्री केल्यावर शेअर्ड स्ट्रक्चरमध्ये नल (रिकामा पॉइंटर) लिहिलंत तरी सेकंडरीने लोकल व्हेरिएबलमध्ये घेऊन ठेवलेला पॉइंटर जुनाच राहतो. नलच्या भरवशावर बसू नका.

आणि प्रोबचा (सुरुवातीला डिव्हाइस जोडून घेणारं फंक्शन) एरर पाथ, म्हणजे ते फसल्यावर चालणारा कोड, नक्की बघा. माझी चूक क्लोजमध्ये सुधारली तरी तिथे उरलीच होती: सेकंडरीचा प्रोब फसला की कोड गोटूने उडी मारून प्रायमरीच्याच क्लीनअपमध्ये शिरायचा आणि चालू पोर्टचा मॅक तक्ता फ्री करून मोकळा व्हायचा. तपासायला सेकंडरीच्या प्रोबमध्ये शेवटी मुद्दाम मायनस एक (म्हणजे एरर) परत करा आणि प्रायमरीवर ट्रॅफिक चालू ठेवून बघा.