वाचकांचे प्रश्न : राणीच्या हाती नेमके काय असते?

मागच्या अंकात जॉर्डनच्या राणी रानिया यांच्याविषयी एक छोटे टिपण आले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. चारही पत्रे विदर्भातील खेड्यांतून आलेली असून चौघांचाही रोख एकाच गोष्टीवर आहे, म्हणून ही जागा एकाच विषयाला दिली आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, मी आमच्या गावातील महिला बचत गटाची सचिव आहे. मागच्या आठवड्यात तुरीच्या शेंगा सोलताना मी मोबाइलवर राणी रानियांचा व्हिडिओ बायकांना दाखवला. त्या निर्वासित मुलांमध्ये मांडी घालून बसल्या होत्या. आमच्यातली एक म्हातारी आजी म्हणाली, “हे बाई निस्ती मिरवते का हिच्या हाती काही हाय बी?” मला उत्तर देता आले नाही. आपण सांगाल का?
— एक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या आजींनी विचारलेला प्रश्न मोठमोठे अभ्यासकही विचारतात, फक्त त्यांना तो इतक्या थोड्या शब्दांत मांडता येत नाही. आपल्या ग्रामपंचायतीत महिला सरपंच खुर्चीवर बसलेली असते, ग्रामसभेचे विषय मात्र तिचे यजमान वाचून दाखवतात, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. तरीही कायद्याने सही त्या बाईचीच लागते, आणि ज्या दिवशी ती सही करायला नकार देते, त्या दिवशी सगळ्या गावाला तिचे पद कळते. राजघराण्यातील बहुतेक स्त्रियांची स्थिती याच्या अगदी उलट आहे. त्यांना मान, माणसे, पैसा आणि प्रसिद्धी मिळते. स्वतःच्या अधिकाराची सही मात्र नसते.

रानिया यांचा जन्म 1970 मध्ये कुवेतमध्ये एका पॅलेस्टिनी कुटुंबात झाला. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात शिकून त्यांनी अम्मानमध्ये नोकरी केली आणि 1993 मध्ये राजपुत्र अब्दुल्ला यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा अब्दुल्ला युवराजही नव्हते. 1999 च्या जानेवारीत राजे हुसेन यांनी मृत्यूपूर्वी वारस बदलला आणि अवघ्या काही आठवड्यांत या नोकरदार घरातील मुलीवर राणीपद येऊन पडले. जॉर्डनच्या राज्यघटनेत राणीसाठी कोणतेही काम नेमून दिलेले नाही आणि गादी फक्त पुरुष वंशजाकडेच जाते. त्यामुळे काम त्यांना स्वतःच उभे करावे लागले. 1995 मध्ये सुरू केलेल्या जॉर्डन रिव्हर फाउंडेशनच्या कामात बनी हमीदा या टोळीतील बायकांनी हातमागावर विणलेल्या लोकरी गालिच्यांच्या प्रकल्पाचाही समावेश झाला. तुमच्या गटातील बायकांना हे काम लगेच समजेल : घरात बसून विणायचे, माल एकत्र करायचा, विक्रीची व्यवस्था संस्थेने करायची आणि मोबदला बाईच्या हाती पडायचा. 2008 मध्ये त्यांनी ‘मद्रसती’ म्हणजे ‘माझी शाळा’ या नावाने मोडकळीस आलेल्या सरकारी शाळा दुरुस्त करण्याची मोहीम हाती घेतली. ही कामे खरी आहेत आणि त्यांना मिरवणे म्हणणे अन्यायाचे होईल.

पण त्यांच्या शब्दाची मर्यादाही बघा. स्त्रीचा ‘घराण्याच्या इभ्रतीसाठी’ खून करणाऱ्या नातलगाला शिक्षेत सूट देणारे कलम रद्द करावे, यासाठी 1999 मध्ये सरकारने विधेयक आणले. राजघराणे त्याच्या बाजूने होते. तरीही लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने ते फेटाळले. पुढे 2011 मध्ये काही टोळीप्रमुखांनी जाहीर पत्र काढून रानिया कारभारात ढवळाढवळ करतात, असा उघड आरोप केला. म्हणजे बाहेरच्या जगात ज्या बोलक्या, सुशिक्षित राणीचे कौतुक होते, तिच राणी घरच्या मैदानात अनेकांना जास्त बोलणारी वाटते. दोन श्रोत्यांसमोर एकाच वेळी उभे राहण्याची ही कसरत त्या 25 वर्षांहून अधिक काळ करीत आहेत, आणि 2023 मध्ये गाझातील युद्धाच्या वेळी पाश्चात्त्य वाहिनीवर बसून पाश्चात्त्य देशांच्या दुटप्पीपणाबद्दल त्यांनी थेट सुनावले, तेव्हा पहिल्यांदाच दोन्हीकडच्या बऱ्याच लोकांनी त्यांचे शब्द एकाच वेळी कान देऊन ऐकले असावेत, असे मला वाटते.

आजींना आणखी एक नाव सांगा : संयुक्त अरब अमिरातीच्या शेखा फातिमा बिन्त मुबारक. त्यांचा फोटो तुम्हाला मोबाइलवर सापडणार नाही, कारण त्यांचा चेहरा जाहीरपणे दाखवलाच जात नाही. तरीही देशातील पहिली महिला संघटना त्यांनी 1973 मध्ये अबुधाबीत सुरू केली, 1975 मध्ये देशभरातील महिला संघटनांचा संघ उभा केला आणि मुलींना शाळेत पाठवण्यासाठी, प्रौढ बायकांना अक्षरओळख करून देण्यासाठी घरोघरची दारे उघडायला लावली. देशाचे संस्थापक शेख झायेद यांच्या त्या पत्नी. आजचे राष्ट्राध्यक्ष त्यांचे पुत्र. त्यांना तिथे ‘राष्ट्रमाता’ म्हणतात. एकीकडे रोज दिसणारी राणी, दुसरीकडे कधीच न दिसणारी; आणि दुसरीचा प्रभाव पहिलीपेक्षा कमी नाही. म्हणून फोटोवरून हिशेब करू नका.

फोटो थांबला की काय होते, हे मोरोक्कोत दिसले. तिथल्या राजांच्या बायका पूर्वी लोकांपुढे येतच नसत. 2002 मध्ये राजे मोहम्मद सहावे यांनी संगणक अभियंता असलेल्या सल्मा यांच्याशी लग्न करून त्यांना प्रथमच ‘राजकन्या’ हा जाहीर किताब दिला. लल्ला सल्मा (लल्ला ही तिथल्या राजस्त्रियांची उपाधी) यांनी 2005 मध्ये कर्करोगाविरुद्धची संस्था काढली. 2017 च्या अखेरीनंतर मात्र त्या अधिकृत समारंभांतून दिसेनाशा झाल्या. संस्था चालू राहिली. बाई दिसेनाशी झाली. लग्नातून मिळालेले स्थान किती पातळ दोरीवर लटकलेले असते, ते यातून कळते.

प्रश्न : ताई, मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि डोक्यावर ओढणी घेऊन कॉलेजला जाते. वर्गातल्या मैत्रिणी मला म्हणतात, “तुमच्या राण्या तर केस मोकळे सोडून फिरतात, मग तू का नाही?” मला वाईट वाटते, पण भांडायचे नाही. काय सांगू?
— एक विद्यार्थिनी, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : बाळा, पहिली गोष्ट म्हणजे त्या ‘तुमच्या’ राण्या नाहीत. जॉर्डनच्या राणीचे आणि तुझे नाते तेवढेच, जेवढे थायलंडच्या राणीचे आणि तुझ्या मैत्रिणीच्या गावातील बौद्ध विहाराचे. तुझी ओढणी हा तुझा विषय आहे. तिच्याबद्दल तुला कुणालाही हिशेब द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट, मुस्लिम देशांतील राजस्त्रियांचा एकच एक पेहराव कधीच नव्हता. कतारच्या शेखा मोझा बहुधा फेट्यासारखे वस्त्र डोक्याला गुंडाळतात, रानिया केस झाकत नाहीत, शेखा फातिमांचा चेहराच दिसत नाही. या तिन्ही आजच्याच काळातील आहेत, तिघीही मुलींच्या शिक्षणासाठी झटल्या. शेखा मोझा यांच्या पुढाकाराने 1995 मध्ये स्थापन झालेल्या कतार फाउंडेशनने दोहा शहरात परदेशी विद्यापीठांच्या शाखांची एक अख्खी वसाहत उभी केली आहे आणि तिथे मुली मोठ्या संख्येने शिकतात.

आणि राणीच्या केसांवरून एका देशाची गादी कशी हलली, तेही मैत्रिणींना सांग. अफगाणिस्तानच्या राणी सोराया यांनी 1921 मध्ये काबूलमध्ये मुलींची शाळा काढली, 1928 मध्ये काही मुलींना शिकायला तुर्कस्तानला पाठवले. त्या राजे अमानुल्ला यांच्यासोबत युरोपच्या दौऱ्यावर गेल्या असताना बुरख्याशिवाय घेतलेले त्यांचे फोटो मागे देशात टोळ्यांच्या भागात वाटले गेले आणि आधीच कर व सक्तीच्या लष्करभरतीमुळे चिडलेल्या लोकांच्या रागात त्या फोटोंनी तेल ओतले. 1929 च्या जानेवारीत अमानुल्लांना गादी सोडावी लागली. देश सोडताना ते कुटुंब मुंबईत थांबले होते, तिथेच सोराया यांना मुलगी झाली आणि त्या मुलीचे नाव ठेवले ‘इंडिया’. ज्यांनी सोराया यांच्या उघड्या चेहऱ्यावर बोट ठेवले आणि जे आज तुझ्या झाकलेल्या डोक्यावर बोट ठेवतात, त्या दोघांनाही बाईच्या डोक्यात काय आहे यापेक्षा डोक्यावर काय आहे यातच रस असतो.

जमल्यास एक नकाशा घेऊन बस. सातपुडा ओलांडला की भोपाळ. तिथे 1819 ते 1926 या काळात मधली काही वर्षे सोडली तर चार बेगमांनी राज्य केले. शेवटच्या सुलतान जहान बेगम यांनी पडद्याआड राहून राज्यकारभार चालवला आणि 1920 मध्ये त्या अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. त्यांची सही त्यांच्या स्वतःच्या अधिकाराची होती.

प्रश्न : आपण राजकन्यांचे कौतुक करता, पण दुबईची राजकन्या पळून चालली होती, ते विसरलात का? हे सगळे दिखाऊ काम म्हणजे अत्याचारावर टाकलेली चादर नव्हे काय?
— एक तरुण शेतकरी वाचक, जि. वाशीम

उत्तर : मुळीच विसरले नाही, आणि तुमचा राग मला रास्त वाटतो. दुबईच्या शासकांची मुलगी शेखा लतिफा 2018 मध्ये एका नौकेतून निघाली होती. 4 मार्च 2018 रोजी ती नौका गोव्याजवळच्या समुद्रात अडवून तिला परत नेण्यात आले. 2020 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकालात नोंदवले की लतिफाचे आणि त्याआधी तिची बहीण शम्सा हिचे अपहरण वडिलांनी घडवून आणले. हा निकाल लागला तो शासकांच्या माजी पत्नी, जॉर्डनच्या राजकन्या हया यांच्या मुलांच्या ताब्याच्या खटल्यात. हया यांनी 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत भाग घेतला होता, आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या त्या अध्यक्ष होत्या, इतक्या नावाजलेल्या. त्यांनाही 2019 मध्ये मुलांना घेऊन लंडन गाठावे लागले.

फोटोचा उपयोग इथे कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. लतिफा सुखरूप आहे हे दाखवण्यासाठी डिसेंबर 2018 मध्ये आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांच्यासोबत जेवणाच्या टेबलावरचे तिचे फोटो प्रसिद्ध केले गेले. पुढे रॉबिन्सन यांनी आपली दिशाभूल झाल्याचे स्वतःच कबूल केले. सौदी अरेबियाचे उदाहरण याहून बोलके आहे. बायकांना गाडी चालवण्याची परवानगी 24 जून 2018 पासून मिळाली, त्या महिन्यात ‘व्होग अरेबिया’ मासिकाच्या मुखपृष्ठावर राजकन्या हैफा बिन्त अब्दुल्ला मोटारीच्या स्टिअरिंगवर बसलेल्या झळकल्या. ज्या बायका या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडल्या, त्यांतील लुजैन अल-हथलूल यांच्यासह अनेकींना त्याच्याच आदल्या महिन्यात अटक झाली होती. लुजैन सुटल्या त्या 2021 च्या फेब्रुवारीत.

तरीही चादर हा शब्द सगळ्यांना लावू नका, ही माझी विनंती आहे. त्याच सौदीत राजे फैसल यांच्या पत्नी इफ्फत यांनी 1955 मध्ये जेद्दा येथे दार अल-हनान ही मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा मुलींसाठी एकही सरकारी शाळा नव्हती. सरकारी शाळा 1960 नंतर आल्या आणि 1963 मध्ये बुरैदा शहरात पुरुषांनी त्यांना उघड विरोध केला. इफ्फत यांनी आपल्या बाजूने धर्माचाच आधार घेतला : मुलगी शिकली तर आई म्हणून ती दीन म्हणजे धर्म अधिक चांगला शिकवील. हे सांगणे कुणाला जुनाट वाटेल. मला ते शहाणपणाचे वाटते, कारण पाटी हाती पडलेली मुलगी पुढे काय वाचेल, हे कुणाच्याच ताब्यात राहत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या वडिलांच्या तोंडी ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा शब्द येत असे. आपल्या वऱ्हाडाचा अशा एखाद्या राजस्त्रीशी संबंध होता काय?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : होता, आणि तो थेट इस्तंबूलपर्यंत जातो. 1936 च्या करारानुसार वऱ्हाड नावापुरते निजामाचे राहिले, कारभार मात्र मध्य प्रांताकडेच ठेवला गेला, आणि निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. तो वारस म्हणजे आझम जाह. त्यांच्या पत्नी दुर्रुशेहवार या तुर्कस्तानच्या उस्मानी घराण्यातील शेवटच्या खलिफांच्या (मुस्लिम जगाच्या धर्मप्रमुखांच्या) कन्या. 1924 मध्ये खिलाफत म्हणजे खलिफांचे पद रद्द झाले तेव्हा दहा वर्षांच्या या मुलीला घरच्यांसोबत देश सोडावा लागला आणि 1931 मध्ये फ्रान्समधील नीस येथे तिचे लग्न झाले. म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा आणि यवतमाळ या चार जिल्ह्यांचे नाव किताबात लावणारी ही सून ना वऱ्हाडी होती, ना दख्खनी.

हैदराबादेत त्यांनी पडदा सोडण्याचा आणि मुलींच्या शिक्षणाचा उघड पुरस्कार केला. जुन्या शहरात मुलांचे रुग्णालय त्यांच्या नावाने उभे आहे. त्यांच्याबरोबर आलेल्या नात्यातील बहीण निलोफर यांचे लग्न आझम जाह यांच्या धाकट्या भावाशी झाले होते. निलोफर यांची एक दासी बाळंतपणात दगावली आणि त्या दुःखातून बायका-मुलांसाठी रुग्णालय उभारण्याचा ध्यास त्यांनी घेतला. हैदराबादचे निलोफर रुग्णालय ते हेच. निलोफर स्वतः पुढे घटस्फोट घेऊन फ्रान्समध्ये स्थायिक झाल्या, दुर्रुशेहवार 2006 मध्ये लंडनमध्ये वारल्या. निलोफर रुग्णालय आता सरकार चालवते आणि तिथे आजही बाळंतिणी दाखल होतात.