वाचक विचारतात: शिळांची थडगी

प्रश्न: मुलांना महापाषाणयुगीन, म्हणजे मोठमोठ्या शिळा रचून बांधलेली प्राचीन थडगी दाखवायची आहेत. बेळगावहून कुठं जावं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: ताई, गोकाकचा धबधबा बघून लगेच परतू नका, जवळच कोन्नूर परिसरात अशी थडगी आहेत. पण मुलं सोबत असतील तर मी बागलकोट जिल्ह्यातलं, जुन्या देवळांचं ऐहोळेच सुचवेन. बहुतेक मंडळी दुर्गा मंदिरापाशी फोटो काढून गाडीत बसतात. तुम्ही तिथली मेगुती टेकडी चढा. टेकडीवरच्या देवळावरचा, चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळातला शिलालेख इ. स. ६३४चा, आणि आसपासची थडगी त्याहून कितीतरी जुनी! उभ्या शिळा, वर सपाट छप्पर. पोरांना त्या छपरावर मात्र चढवू नका. उन्हाळा टाळा, तिथला दगड भाजून काढतो.