बाबकचं बंड वीस वर्षं का मोडता आलं नाही?

अब्बासी खिलाफत एवढी बलाढ्य, मग अझरबैजानातल्या बाबक या बंडखोराच्या एका डोंगरी किल्ल्यापुढे 816 पासून 837 पर्यंत तिची डाळ का शिजली नाही, असा तुमचा प्रश्न आहे. बाबकच्या शौर्याचं कौतुक बरंच होतं. माझ्या मते खरी अडचण रसदेची होती.

धर्माचा भाग खोटा नव्हे. बाबकच्या खुर्रमी या इराणी धर्मपंथाचा म्होरक्या जाविदान मेला, तेव्हा त्याचा आत्मा बाबकमध्ये शिरल्याचं त्याच्या विधवेने जाहीर केलं. दहाव्या शतकातला ग्रंथकार इब्न अल-नदीम सांगतो तो विधी असा: गाय कापून कातडं अंथरलं, त्यावर मद्याचं भांडं, भोवती भाकरीचे तुकडे. एकेकाने कातड्यावर पाय ठेवायचा, तुकडा मद्यात बुडवून खायचा आणि बाबकच्या आत्म्यावर श्रद्धा असल्याचं म्हणायचं. लगेच तिने बाबकशी लग्नही केलं. गादीचा वाद उरलाच नाही!

पण माणसं जमली म्हणून बंड टिकत नाही. खलिफाचे सरदार थेट बाबकच्या बझ किल्ल्याच्या रोखाने डोंगरात शिरायचे, अरुंद वाटेत पांगायचे आणि दबा धरलेल्यांच्या हाती सापडायचे. 829 मध्ये मुहम्मद इब्न हुमैद असाच मारला गेला.

835 मध्ये खलिफा मुतसिमने सेनापती अफशीनला पाठवलं. त्याने आधी किल्ल्याकडे नव्हे, रस्त्याकडे पाहिलं. अर्दबील ते बरझंद वाटेवरच्या गढ्या दुरुस्त केल्या, अर्शक आणि खुश्श इथे खंदक खणून शिबंदी बसवली. रसदेचा तांडा एका ठाण्याची तुकडी निम्म्या वाटेपर्यंत आणायची, तिथून पुढच्या ठाण्याची ताब्यात घ्यायची. बाबकचे हेर सापडले की त्यांना मारायचं नाही. बाबक काय देतो ते विचारून दुप्पट द्यायचे. खलिफाचा सरदार बुघा पगाराचा पैसा घेऊन आला, तेव्हा पैसा गुपचूप अर्दबीलला परत पाठवून नुसता तांडा पुढे सोडला. बाबक त्यावर तुटून पडला आणि स्वतःच कोंडीत सापडला. कसाबसा मुकान प्रदेशाकडे निसटला.

मोहीम स्वस्त नव्हती. 837 मध्ये खलिफाचा सरदार इताख याच्याबरोबर पगारासाठी 3 कोटी दिरहम आले. सैन्य रोज थोडंच सरकायचं, म्हणून सोबतचे स्वयंसेवक अफशीनवर चिडायचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किल्ला पडला. आर्मेनियात पळालेल्या बाबकला तिथला सरदार सहल इब्न स्म्बातने पकडून दिलं आणि 838 च्या जानेवारीत खलिफाच्या राजधानीत, सामर्रात, त्याला ठार केलं.

अब्बासी काळातला इतिहासकार तबरी वाचणार असाल तर मोहिमेचे तपशील जरूर घ्या, पण बाबकने 2,55,500 माणसं मारली हा त्यातला आकडा हातचा राखून वाचा. तो विजेत्यांच्या बाजूचा आहे.