जननेंद्रियावरच्या चामखिळी कापल्यावर टाके पडतात का? परत येतात का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: टाके पडतील का, आणि पुन्हा उगवतील का.

टाके बहुधा लागत नाहीत. ही चामखीळ त्वचेच्या वरच्या थरातच वाढते, तिला खोल मूळ नसतं. त्यामुळे ‘मुळासकट काढा’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. गरजेपेक्षा खोल गेलं की व्रण राहतो, पांढरा किंवा काळपट डाग पडतो.

आधी भूल देणारं क्रीम थोडा वेळ लावून ठेवतात, मग बारीक सुईने लिग्नोकेन हे भुलीचं औषध टोचतात. खरी कळ येते ती त्या सुईचीच. औषध बुडाशी शिरलं की चामखीळ फुगून वर येते. ती चिमट्यात धरून वाकड्या कात्रीने त्वचेला समांतर छाटतात. रक्त अॅल्युमिनियम क्लोराइडने किंवा कॉटरीच्या (तापवून डागणाऱ्या उपकरणाच्या) ओझरत्या स्पर्शाने थांबतं. कॉटरी आणि लेझरच्या धुरात विषाणूचे अंश सापडलेले आहेत, म्हणून तो ओढून घेणारं यंत्र चालू हवं.

गुदद्वाराभोवती दाट कोंब असतील तर मी सगळे एका बैठकीत काढायच्या विरोधात आहे. गोल सलग जखम भरताना आकसते आणि शौचाची वाट अरुंद होते. मध्ये निरोगी त्वचेच्या पट्ट्या राखाव्यात, उरलेलं नंतर काढावं.

कापण्याआधी व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही तपासणी करून घ्या. सिफिलिसचे चपटे, ओलसर उंचवटे हुबेहूब असेच दिसू शकतात, आणि त्यांना कात्री नव्हे, पेनिसिलिन लागतं. कडक, काळी किंवा चिघळलेली गाठ असेल तर तुकडा बायोप्सीला गेलाच पाहिजे.

परत येण्याबद्दल: हो, येऊ शकतात. कात्री चामखीळ काढते, विषाणू (एचपीव्ही, बहुतेकदा त्याचा ६ किंवा ११ क्रमांकाचा प्रकार) शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेत राहू शकतो. नवे कोंब बहुधा पहिल्या ३ महिन्यांत दिसतात. त्या काळात जागा तपासत राहा. बारीक असतानाच दाखवलंत तर क्रीम किंवा क्रायोवर (गोठवून काढण्यावर) भागतं. सर्व्हावॅक किंवा गार्डासिल ही एचपीव्हीविरोधी लस आधीच असलेल्या चामखिळी घालवत नाही.

घरी दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं बसा, जागा टिपून कोरडी करा, व्हॅसलीन लावा, सैल सुती कपडे घाला. जखम भरेपर्यंत संबंध नको. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल सुरू करा. रक्त १०-१५ मिनिटं दाबून धरूनही थांबलं नाही, पू झाला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घोड्याचा केस बांधणं, चुना आणि कुरूपाच्या पट्ट्या इथे अजिबात नकोत.