भावाला बॅटरीचं शिसं वितळवू देऊ नका

प्रश्न : नमस्कार सर, मी जुळे सोलापूरला राहतो. माझा धाकटा भाऊ टेक्सासमध्ये असतो, त्याच्याकडे ४५० बुशमास्टर या काडतुसाची सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) रायफल आहे, रानडुकरांसाठी घेतलीय. दुकानातली काडतुसं महाग पडतात म्हणून त्याला शिशाच्या बुलेट स्वतः ओतून काडतुसं घरीच भरायचीत. दिवाळीला येणारे, म्हणतो भंगारवाल्याकडून जुन्या बॅटऱ्यांचं शिसं घेऊ आणि गच्चीवर ओतू. मला गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडण्यापलीकडं काही कळत नाही, पण काळजी वाटते. त्याला काय सांगू?

उत्तर : पहिलं म्हणजे इथं काहीच ओतायचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे भागसुद्धा दारूगोळ्यातच मोजतात आणि तो बनवायला लायसन लागतं, ते नसताना गच्चीवर भट्टी लावली तर प्रकरण पोलिसांत जाईल. आणि बॅटरीचं शिसं तर टेक्सासमध्येही नको, त्यात आर्सेनिक, अँटिमनी, कॅल्शियम असतं, ॲसिड राहिलेलं असतं, त्यातून जीवघेणा वायू निघू शकतो, म्हणून बुलेट ओतणारे अनुभवी लोक त्याला हात लावत नाहीत. साधं शिसंही उघड्या हवेत, पोरंबाळं लांब ठेवून, हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही असं सांभाळूनच वितळवायचं, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते उसळून अंगावर येतं.

आता भाऊ तिकडं गेल्यावर. सेमी-ऑटोत जळालेल्या दारूचा गॅस बंदुकीच्या नळीतल्या छोट्या भोकातून मागं येऊन यंत्र फिरवतो, त्या वाटेत शिसं आणि बुलेटला लावलेलं मेण साचलं की रायफल अडखळायला लागते, म्हणून बुलेट कडक मिश्रधातूची, बुडाला तांब्याची टोपी म्हणजे गॅस चेक असलेली, बोअरला म्हणजे नळीच्या आतल्या भोकाला नीट बसणारी हवी. या काडतुसाची बुलेट ०.४५२ इंचाची असते आणि काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, केसच्या (धातूच्या टरफलाच्या) तोंडावर टेकतं, त्यामुळं बुलेट पकडायला तोंड आत दाबून जोरात क्रिम्प केलं तर ते हवं तिथं टेकणारच नाही. हलका टेपर क्रिम्प, म्हणजे तोंड जरासंच निमुळतं दाबणं, पुरे.

सगळ्यात मोठी चूक पावडरची, म्हणजे काडतुसातल्या दारूची होते. शिशाची बुलेट मऊ, म्हणून लोक पावडर मनानं कमी करतात. एच-११० सारखी पावडर तर फार कमी केली की नीट पेटत नाही आणि बुलेट नळीतच अडकू शकते, ती बनवणारेच सांगतात की ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. म्हणून त्याच बुलेटसाठी, त्याच पावडरसाठी छापलेल्या मॅन्युअलमधला सुरुवातीचा लोड (पावडरचं माप) घ्यायचा आणि थोडंथोडं वाढवत जायचं, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटा होतोय का, केस अडकतंय का हे दर वेळी बघायचं. आपल्याकडं मे महिन्यात ४० च्या वर पारा जातो तसंच तिकडं उन्हात होतं, थंडीत ठरवलेला लोड गरमीत जास्त दाब देऊ शकतो हे लक्षात ठेवायला सांगा. काडतुसं भरताना फोन बंद, टेबलावर एकच पावडर, आणि बुलेट बसवायच्या आधी प्रत्येक केसमध्ये उजेड टाकून बघायचं, कारण दोनदा पावडर पडली तर रायफल हातात फुटते.

आणि हे मात्र त्याच्याकडून पाठ करून घ्या : आवाज बारीक आला किंवा यंत्र फिरलंच नाही, तर हातानं पुढचं काडतूस चढवायचं नाही. आधी रायफलची नळी समोर निशाण्याकडंच ठेवून थोडं थांबायचं, मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामा करायचा आणि नळीत बुलेट अडकली नाही ना हे मागच्या बाजूनं बघायचं. अडकली असेल तर त्या दिवशी पुढं एकही गोळी झाडायची नाही.