कोकणात स्थायिक होताना शहरातलं रो हाउस घ्यावं की गावातला मोकळा बंगला?

तुम्ही विचारलंय की मुंबईचा फ्लॅट विकला तर त्याच पैशात रत्नागिरी शहरात रो हाउस येतं किंवा किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात दहा गुंठे घेऊन बंगला बांधता येतो, तर काय करावं. "आयुष्य भिंतीला भिंत लावून काढलं, आता मोकळं हवं" असंही लिहिलंय. मी दोन्ही करून बसलेय, म्हणून उत्तर देते.

माझं माहेर दापोलीजवळचं मुरुड. जंजिऱ्याचं नव्हे, महर्षी कर्व्यांचं. गेली अकरा वर्षं मी रत्नागिरीत नाचणे रोडच्या बाजूला सहा घरांच्या रांगेतल्या चौथ्या घरात राहते. आईच्या माघारी मुरुडचं घर मी आणि भाऊ सांभाळतो. म्हणजे सांभाळायची धडपड करतो.

आधी एक गैरसमज. कोकणात घरं लांब लांब असतात, हे डोंगरातल्या वाड्यांपुरतं खरं आहे. मुरुड, गुहागर अशी किनाऱ्याची गावं बघा. मधून एक रस्ता, दोन्ही हातांना घरं, आपल्या आणि शेजाऱ्याच्या पागोळ्यांमध्ये जेमतेम बोळ. पुढे सारवलेलं खळं, आणि बाकी मोकळी जागा सगळी घरामागे. विहीर, मग नारळी-पोफळीचं आगर, पश्चिमेच्या रांगेत तर पार पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत. आईला ताक द्यायचं असलं की गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, तांब्या पलीकडे जायचा, बेडं (फाटक) उघडायचीही गरज नसे. थोडक्यात, रो हाउस आम्हाला बिल्डरने शिकवलेलं नाही. मागची जागा पोट भरायला होती, तिच्यात रोज राबणारे हात घरात होते. नुसतं मोकळं वाटावं म्हणून जमीन कोणी ठेवत नसे.

दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. ऑगस्टमध्ये तिथे कमरेएवढं गवत असतं आणि त्यात साप असतात. बेणायला, म्हणजे गवत काढायला, माणूस मिळाला तर तो तुमच्या सोयीने येत नाही, त्याच्या भातशेतीतून वेळ काढून येतो. तुम्ही दोघं साठीच्या आसपास आहात आणि मुलं परदेशात, असं लिहिलंय म्हणून हे सांगते.

आता पाऊस. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या पुढे पडतो, आणि उभा पडत नाही. नैऋत्येकडून झड येते आणि चिऱ्याची भिंत पाणी पिते. बंगल्याच्या चारही भिंती बाहेर. माझ्या घराच्या दोनच, कारण उरलेल्या दोन्हींच्या पलीकडे कुणीतरी राहतं. आमच्या रांगेच्या पश्चिम टोकाच्या घराला दर जुलैत लोणा धरायचा. आधी रंगाला पोपडे, मग पांढरी भुकटी सोफ्यावर. शेवटी त्यांनी बाहेरून ती भिंत पत्र्याने झाकली. दिसायला गोदाम दिसतं, पण आत कोरडं. माझ्या कपाटातल्या साड्यांना कुबट वास येत नाही, हे केवढं सुख आहे ते एक पावसाळा काढल्यावर कळेल.

मुरुडचं घर २०१९ च्या पावसात आम्ही पहिल्यांदा पूर्ण बंद ठेवलं. गणपतीआधी कुलूप काढलं तर माजघरात चप्पल जमिनीला चिकटली. वर बघितलं, वानराने एक कौल सरकवलं होतं. एकच. तिथून पाणी वाशावर, वाशावरून भिंतीत, आणि ओल्या भिंतीतून वाळवी देवघराच्या फळीपर्यंत. घरात माणूस असता तर टपटप ऐकून त्याच दिवशी काठीने कौल सारखं केलं असतं. आम्हाला चार वासे बदलावे लागले.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ आलं. आमच्या पोफळी रांगेने आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे ते उत्पन्न गेलंच. लॉकडाउनमुळे आम्ही रत्नागिरीत अडकलेलो. शेजारचे काका पडलेल्या गडग्यावरून आत शिरले आणि स्वतःच्या पडवीचे पत्रे गोळा करायच्या आधी आमच्या देवघरावर ताडपत्री टाकून गेले. त्यांचं घर दहा पावलांवर नसतं, तर आमचं छप्पर उडालंय हे त्यांना तरी कधी कळलं असतं?

रो हाउस म्हणजे स्वर्ग नाही. भिंतीत खिळा ठोकला की पलीकडचे आजोबा "कोण आहे?" म्हणून ओरडतात. आमची सगळ्यात मोठी भांडणं पन्हळीवरून झाली. इथे स्लॅबवर पत्र्याची शेड प्रत्येकाला टाकावीच लागते. माझे आणि शेजाऱ्याचे पत्रे जिथे भेटतात तिथली पन्हळ कोणाची? आंब्याची पानं अडकली, पाणी तुंबलं, दोघांच्या जिन्यात गळलं, आणि दोन वर्षं आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. आता खर्च निम्मा-निम्मा आणि मृगाआधी दोघांनी मिळून पन्हळ साफ करायची, असं ठरलंय. घेण्याआधी हे विचारा: सामाईक भिंतीवरचं पाणी कुठे जातं, सेप्टिक टँक कोणाच्या विहिरीपासून किती लांब आहे, आणि मे महिन्यात बोअरला पाणी असतं का. आम्ही मे महिन्यात टँकर मागवतो.

समुद्र दिसतो म्हणून प्लॉट घेत असाल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं बघा. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यासाठी, २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा दाट असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ असेल तर २०० मीटर ना-विकास पट्टा आहे. गाव कशात बसतं ते आराखड्यात बघा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. सातबारावर शेती असेल तर बिगरशेतीचं काय, तेही आधी विचारा.

तुमच्या जागी मी असते तर रत्नागिरीतलं मधलं रो हाउस घेतलं असतं. जिल्हा रुग्णालय जवळ, रेल्वे जवळ, कुलूप लावून महिनाभर मुलांकडे गेलात तरी पाण्याचा आवाज ऐकायला दोन्हीकडे कान आहेत. बंगलाच हवा असेल तर गावाच्या रस्त्यालगत, वस्तीत, तीन-चार गुंठे पुरे. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, एकटं टुमदार घर, खाली समुद्र, असं काही दाखवलं तर फोटो काढा आणि परत या.

आणि जागा बघायला डिसेंबरात येऊ नका. तेव्हा गवत वाळलेलं असतं, सगळंच छान दिसतं. जुलैत या, दोन दिवस राहा, आणि जुन्या चपला घालून या.