आधी तारीख, मग नोकरी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटा भाऊ, वय २७, दुकानफोडीच्या केसमध्ये आधारवाडी जेलला २२ महिने कच्चा कैदी होता. जामिनावर सुटून तीन आठवडे झाले. कुरिअरच्या गोडाऊनमध्ये "पोलीस व्हेरिफिकेशन आणा" म्हणाले, तेव्हापासून घरात झोपून असतो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: केस लपवावी का, गावी पाठवावं का, आणि छोट्या धंद्यासाठी कर्ज मिळेल का. तिन्हींकडे येतो. पण जे विचारायला हवं होतं ते तुम्ही विचारलंच नाहीत. त्याची कोर्टातली पुढची तारीख कधी आहे?

मी एका तालुका कोर्टात २४ वर्षं कारकुनी केली. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं सुटून आलेल्या पोरांसोबत काम करतोय. आधी जी वॉरंटं मी टाईप करायचो, ती आता रद्द करून घ्यायला धावतो. या नऊ वर्षांत पुन्हा आत गेलेली जी पोरं पाहिली, त्यातल्या बऱ्याच जणांनी नवा गुन्हा केलाच नव्हता. त्यांची तारीख चुकली होती. एक पोरगा आठवतो. भाजी मार्केटात हमालीला लागला, शेठही चांगला होता. पहिल्या तारखेला सुट्टी मिळाली, दुसरीला शेठचं तोंड वाकडं झालं, तिसरीला तो घाबरून कोर्टात गेलाच नाही. चौथीलाही नाही. अजामीनपात्र वॉरंट निघालं आणि एका सकाळी पोलिसांनी त्याला गाळ्यावरून, सगळ्यांच्या देखत उचलला. काम गेलं. जामीनदार मावसा होता, त्याला जामिनाची रक्कम भरण्याची नोटीस आली आणि तोही तुटला. वर जामिनावर असताना कोर्टात हजर न राहणं हा कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आजच हे करा. मोबाईलवर ई-कोर्ट्सचं सरकारी ॲप घ्या. केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक, वकिलाकडून घ्या. तो टाकला की पुढची तारीख, कोर्ट आणि तारीख कशासाठी आहे ते दिसतं. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. आदल्या संध्याकाळी पुन्हा ॲप बघा, कारण तारखा सरकतात. दुसरं, प्रत्येक तारखेला आरोपीने स्वतः उभं राहिलंच पाहिजे असं नाही. वकील त्या दिवसापुरता गैरहजेरी माफीचा अर्ज देऊ शकतो. फौजदारी खटले चालवायच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, त्यासाठी कलम ३५५ आहे. पण हा अर्ज त्याच दिवशी, पुकारा व्हायच्या आत गेला पाहिजे. दोन दिवसांनी जाऊन "साहेब, ताप होता" म्हटलं की वॉरंट रद्द करायचं वेगळं लचांड मागे लागतं. आरोप निश्चिती, आरोपीचा जबाब आणि निकाल या तारखांना मात्र त्याने जायचंच.

आता काम. ज्या कामात व्हेरिफिकेशन आहे त्या दारावर सध्या डोकं आपटू नका. सिक्युरिटी गार्डच्या नोकरीला २००५च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्यानेच चारित्र्य पडताळणी लागते. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजलाही लागते. केस चालू असताना त्याचा कागद तिथे अडकणार आणि प्रत्येक नकार त्याच्या जिवाला लागणार. शोधायचं असं काम, ज्यात महिन्याला एक दिवस गेला तर कुणाची भुवई उंचावत नाही. फॅब्रिकेशन, टाईल्स फिटिंग, मंडप डेकोरेशन, केटरिंग, एसी रिपेअरिंगवाल्याचा हेल्पर. रोजावर किंवा नगावर मिळतं ते काम. पगार कमी वाटेल, हे मान्य आहे. पण कायम नोकरीत तिसऱ्या खाड्याला काढतात आणि रोजंदारीत चौथ्या दिवशी परत बोलावतात. आमच्याकडची जी पोरं टिकली, ती बहुतेक अशीच टिकली.

केस लपवायची का? खोटं बोलू नये, आणि न विचारलेलं स्वतःहून पाजळू नये. फॉर्मवरचा प्रश्न नीट वाचायला शिकवा. "आपणास कधी शिक्षा झाली आहे काय?" याचं त्याचं खरं उत्तर "नाही" आहे. तो आरोपी आहे, दोषी ठरलेला नाही. पण "आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल किंवा खटला प्रलंबित आहे काय?" असं असेल तर "होय" लिहायचं आणि पुढे एका ओळीत "न्यायप्रविष्ट, जामिनावर". सरकारी नोकरीत तर लपवाछपवी हीच नोकरी घालवते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सांगितलं की माहिती खरीच द्यायची. खरी दिली तरी उमेदवाराला घ्यायचं की नाही हे ठरवायला नियोक्ता मोकळा राहतो, पण लपवलं तर त्या कारणावरून काढून टाकता येतं. छोट्या वर्कशॉपमध्ये फॉर्म नसतो. तिथे माझा सल्ला असा की मालकाला पहिल्याच आठवड्यात एकट्याला गाठून सांगावं: केस चालू आहे, महिन्याला एक तारीख असते, ती मी आधी सांगत जाईन. काही जण काढतील. मग दुसरं बघायचं. हवालदार दारात आल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

गावी पाठवायचा विचार तुमच्या आईचा असावा असं वाटतं. जामिनाचा आदेश आधी वाचा. आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी, हद्द सोडायची नाही, पत्ता बदलल्यास कळवायचं, यातली एखादी अट बहुधा असतेच. तशी अट असून तो न विचारता गेला तर सरकारी वकील जामीन रद्द करायचा अर्ज टाकू शकतात. जायचंच असेल तर वकिलामार्फत अट शिथिल करून घ्या, मग तिकीट काढा.

कर्ज आत्ता नको. तुमच्या बचत गटातून तुमच्या नावावर तर मुळीच नको. हे मी जरा कडक बोलतोय, पण हप्ता चुकला की बहीण-भावाचं नातं कसं नासतं ते फार वेळा पाहिलंय. सहा महिने त्याला कमवू दे.

त्याआधी त्याचा मोबाईल नंबर बघा. हसू नका. सिम तीन महिने वापरलं नाही की नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला जाऊ शकतो. तो २२ महिने आत होता. आधारला जोडलेला नंबर तोच, बँकेला तोच, आणि ओटीपी आता कुणा भलत्याच्याच फोनवर वाजत असेल. आधी आधार केंद्रात जाऊन अंगठा देऊन नवा नंबर जोडा, मग बँकेत जाऊन केवायसी. खात्यात दोन वर्षं व्यवहार नसला की ते निष्क्रिय होतं. तुम्ही त्या रेषेच्या काठावर आहात, शंभर रुपये भरा पण या आठवड्यात भरा. पाकीट आणि आधार कार्ड अटकेच्या वेळी अंगझडतीत पोलिसांकडे गेलं असेल. पंचनाम्यात त्याची नोंद असते. ते परत मिळवायला वकिलाने कोर्टात मुद्देमाल परत मागण्याचा अर्ज करायचा. नुसत्या पोलीस ठाण्याच्या चकरा मारून फक्त चपला झिजतात.

तुमच्या प्रश्नात एक ओळ अगदी सहज आली आहे, ती मला टोचली. जामीन मंजूर झाल्यावरही जामीनदार न मिळाल्याने तो चार महिने आत राहिला. ते महिने परत येणार नाहीत, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची कैदी होती. यातले किती तरी फक्त ऐपतदार माणूस ओळखीचा नाही म्हणून बसलेले असतात. मध्य प्रदेशात मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. त्याचा भाऊ उभा राहिला, तर मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्यांनी नाकारला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चूक ठरवलं. तरी स्थानिक जामीनदाराचा हट्ट काही सुटला नाही. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा लिहावं लागलं: जामीन होऊन सात दिवसांत सुटका नाही झाली तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचं, आणि महिन्याभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर कोर्टाने स्वतःहून अट हलकी करण्याचा विचार करायचा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. त्यात जिल्हा समितीमार्फत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदत मिळू शकते; २०२३ साली तिची मर्यादा ४०,००० रुपये होती. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटसुद्धा नाही. विधी सेवेचा फोन नंबर १५१००. हे सगळं असूनही कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार घेऊन फिरणारे दलाल पोटभर जेवतात, ते का, हे मी त्या आवारात २४ वर्षं काढल्यामुळे इथे लिहीत नाही.

आणि तो झोपतो, त्याबद्दल. लगेच आळशी ठरवू नका. कच्च्या कैद्याला आत सक्तीचं काम नसतं, अनेकांना मागूनही मिळत नाही. गच्च भरलेल्या बराकीत नुसतं पडून राहायचं आणि दिवस मावळायच्या आत कुलूप. आमच्याकडचा एक जण सुटल्यावर दोन महिने संध्याकाळ झाली की अस्वस्थ व्हायचा, कुठेही असला तरी घर गाठायचा. त्याला आम्ही पहाटेचं काम बघून दिलं, दुधाच्या लाईनीवर. भावाशी बोलायला बाहेरचं माणूस हवं असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरात याच माणसांसोबत काम करतोय. तिथले कार्यकर्ते कोर्टही जाणतात आणि घरही.

आज संध्याकाळी त्याच्याकडूनच ॲपवर तारीख काढून घ्या, तुम्ही काढू नका. तारीख कशासाठी लागली आहे आणि वकील खाजगी की विधी सेवेचा, एवढं इथे लिहा. सीएनआर नंबर आणि त्याचं नाव मात्र इथे टाकू नका.